पूर्वचाचणीतला अकरावा प्रश्न

रामदासपेठ, नागपूर
१४ जुलै २०२४

ताईस,
जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच ठेवून देशील अशी भीती आहे, म्हणून आधी कामाचं लिहिते.

उन्हाळी सत्राचा निकाल लागला. तू दोन्ही पेपरांत पास आहेस. प्रात्यक्षिकात वर्गात दुसरी आलीस. पण रविवारच्या नियमित वर्गांत २३ जूनपासून सलग चार रविवार तुझ्या नावापुढे गैरहजेरी लागली आहे. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. अजून दोन रविवार गेले तर मला काही करता येणार नाही. नियम मीच लिहिलेला आहे, तेव्हा तो माझ्याच बहिणीसाठी मोडणं बरं दिसणार नाही, हे तू समजून घेशील.

माझा नंबर तू बंद केला आहेस. रुपराव भाऊजींना फोन केला की ते म्हणतात, "ती शाळेत आहे." रविवारीही शाळेतच असते म्हणे. म्हणून पोस्टानं कळवते आहे.

१६ जूनला वर्गात जे झालं त्याबद्दल तुझा गैरसमज झाला असावा. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना पुन्हा विज्ञान शिकवायचं तर त्यांच्या मनात आधीपासून काय बसलं आहे ते बाहेर काढावंच लागतं. शिकवण्याआधी घेतलेल्या पूर्वचाचणीतली उत्तरं पडद्यावर दाखवून त्यांवर बोलणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळानं मंजूर केलेला. नाव झाकलेलं होतं. ती उत्तरपत्रिका वर्गातल्या एकोणतीस जणांपैकी कोणाचीही असू शकली असती.

पुढच्या रविवारी ये. कळमेश्वरहून साडेआठची बस मिळाली तरी वेळेत पोचशील.

रोशनी


११ ऑगस्ट २०२४

ताई,

काल भाऊजी येऊन गेले, ते तुला माहीत असेलच. कापडी पिशवीत मी तुला दिलेली पाचही पुस्तकं, प्रयोगवही आणि ओळखपत्र. पुस्तकांना तू वर्तमानपत्राची कव्हरं घातली होतीस. कव्हरं काढून पाठवलीस, हे मला लागलं.

ते बसायला तयार नव्हते. उभ्यानंच पाणी प्याले. मी विचारलं, "ताई काही बोलली का?"

"तेच त विचाराले आलो मी. तुमी सांगा, काय झालं?"

"काही नाही भाऊजी, गैरसमज झाला."

ते खिडकीशी जाऊन समोरच्या दवाखान्याकडे बघायला लागले. फुटपाथवर पेशंटचे लोक डबे उघडून बसले होते. मग म्हणाले, "गैरसमज असता त ती भांडली असती. माह्यासंगं पंचवीस वर्षं भांडून राहिली, मले मालूम आहे तिचं भांडण. आता भांडत नाही. चूप आहे. घरात चूप, जेवताना चूप. एवढं चूप मी तिले बापाच्या मयतीत नाही पायलं."

पिशवी टेबलावर ठेवून ते जिना उतरले. मी वरून हाक मारली, "भाऊजी, जेवून जा." त्यांनी हात हलवला, पण वर पाहिलं नाही.

त्यांनी जाता जाता एक सांगितलं. प्रवेश मिळाला तेव्हा तू अख्ख्या शाळेत पेढे वाटलेस. मुलांना सांगितलंस की आता मॅडमलाही परीक्षा आहे, मॅडमही नापास होऊ शकते.

आज रविवार. वर्ग पाच वाजता सुटला. सगळे आपापल्या बसगाड्यांकडे पळाले. मी खुर्च्या सरळ करत बसले, शिपाई करतो खरं तर. रविवारी रात्री आठला तुझा फोन यायचा, तो आता येत नाही. त्या वेळेत मी काहीतरी काम काढून ठेवते. आज इस्त्री काढली.

रोशनी


२ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं नाव हजेरीपटावरून कमी झालं. मला सही करावी लागली. समन्वयकाची सही लागते.

आता हजेरीचा प्रश्न उरला नाही, तेव्हा या पत्रात काम असं काही नाही. तरी लिहिते.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. तुला कदाचित ती केव्हाच कळलीही असेल.

तुझे ते आठचे फोन. मी नोकरीला लागले तेव्हापासून दर रविवारी तू आठवडाभराचे मुलांचे प्रश्न घेऊन बसायचीस. "रोशे, पोरगं विचारून राहिलं, बर्फ पाण्यावर तरंगते त मग दगड काहून बुडते, दोन्ही त घट्टच आहेत. म्या सांगितलं उद्या सांगतो. आता सांग." कधी ऋण संख्यांचा गुणाकार, कधी तारेत वीज धावते म्हणजे नेमकं काय धावतं. मी उत्तर द्यायचे आणि तू म्हणायचीस, "हे तुह्या कॉलेजातलं झालं. सातवीच्या पोराले कसं सांगू ते सांग." पीएच.डी. असून मला ते येत नव्हतं. मग आपण दोघी मिळून शोधायचो. तास तास.

मी एका वहीत ते सगळं उतरवून घ्यायला लागले. तुला म्हणाले होते, असंच, आठवण म्हणून. सहा वर्षांत दोन वह्या भरल्या.

अभ्यासक्रमाचा आराखडा करायला मंडळानं मला सांगितलं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं की एम.एस्सी.चाच अभ्यास थोडा हलका करून शिक्षकांना द्यावा. मी अडून बसले. म्हटलं, शिक्षकाला वरच्या वर्गाचं विज्ञान नको आहे, त्याला सातवीचंच विज्ञान पार तळापर्यंत हवं आहे. दीड वर्ष भांडले. शेवटी चारही सत्रांचे घटक मी त्या दोन वह्यांतून काढले. एकेक घटक एकेका पोराच्या प्रश्नापासून सुरू होतो. सगळ्यांनी वाखाणलं. एका बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, ही रचना तुम्हाला सुचली कशी?

प्रस्तावात मी लिहिलं आहे, "क्षेत्रीय सर्वेक्षणावर आधारित."

ते सर्वेक्षण म्हणजे तू. मंडळात हे कोणालाच माहीत नाही.

तू अर्ज भरलास तेव्हा मी तुला काय म्हटलं तेही आठवतं. "ताई, तिथं आपण बहिणी आहोत हे कोणाला सांगू नको. पक्षपात वाटेल. मला मॅडम म्हण." तू हसलीस. "बरं मॅडम," म्हणालीस आणि फोनवरच दोनदा म्हणून पाहिलंस. आडनावं वेगळी, कोणाला कळलं नाही. पक्षपाताची भीती खरी होती. पण तेवढीच नव्हती. पुढचं मला आज लिहवत नाही.

रोशनी


२० सप्टेंबर २०२४

ताई,

लिहिते.

९ जूनला वर्ग पाहायला बाहेरून तिघं जण आले होते. मी त्यांना प्रयोगशाळा दाखवत होते, इंग्रजीत बोलत होते. तू मागून आलीस, हातात काचेची नळी, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "रोशे, अवं हे फुटलं वं, दुसरी कुठं ठेवली?"

तुझ्या लक्षातही आलं नाही. तू कामात होतीस. त्यांतल्या एका बाईंनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं आणि जरा हसल्या. मी म्हणाले, "खेड्यातल्या शिक्षिका आहेत, फार मोकळ्या असतात." इंग्रजीत म्हणाले. तू ऐकलंस की नाही, ऐकलं असलं तर किती समजलं, मला आजवर कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तुझ्यावर चिडले होते. तुझ्यावर, ताई. कामठीच्या घरात बाबा विणकामाच्या मागावरून येईपर्यंत मला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घेणाऱ्या तुझ्यावर. माझी पाटी तू धरायचीस. तुझ्यासारखं अक्षर यावं म्हणून मीही आधी शिरोरेघ ओढायचे आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचे. कॉलेजात ती सवय मोडली. तुझी अजून तशीच आहे.

म्हणूनच मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खोटं होतं. ती उत्तरपत्रिका कोणाचीही असू शकली नसती.

१५ जूनला एकोणतीस उत्तरपत्रिका टेबलावर पसरून मी बसले होते. अकरावा प्रश्न: उन्हाळा आणि हिवाळा का होतो? सतरा जणांनी तेच लिहिलं होतं, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. सतरा. निम्म्याहून जास्त वर्ग. आपल्याकडे मेमध्ये जे तापतं ते अंगावर घेऊन शिकवणाऱ्या माणसाला तेच खरं वाटणार. त्यातली कोणतीही उचलता आली असती. मी लांब शिरोरेघ पाहिली. रंगीत पेन्सिलनं काढलेली अंड्यासारखी कक्षा पाहिली. नाव बघायची गरज नव्हती. सोळा बाजूला सारल्या आणि तुझी उचलली.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यावर दाखवून मी काय म्हणाले ते तुला आठवतं, मलाही आठवतं. "या शिक्षिका पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात पृथ्वीला सूर्याजवळ नेऊन मुलांना भाजून काढताहेत."

पंचवीस वर्षांची नोकरी त्या वर्गात एकीचीच होती. नाव झाकून काय उपयोग होता?

वर्ग हसला. ज्यांनी तेच उत्तर लिहिलं होतं ते सोळा जणही हसले. पण पहिलं हसू कोणाचं फुटलं ते मला माहीत आहे. माझंच.

तू पेनाला टोपण लावलंस. वही मिटलीस. उठून म्हणालीस, "मॅडम, माझी बस आहे." तेव्हा साडेअकरा वाजले होते. तुझी बस साडेपाचची होती.

मी म्हणाले, "ठीक आहे, जा." आणि पुढची उत्तरपत्रिका लावली.

क्षमा कर असं लिहायला बसले होते. पण तू क्षमा केलीस तर मला बरं वाटेल, तुला काय मिळेल? म्हणून ते लिहीत नाही. फक्त झालं ते लिहिलं.

रोशनी


१७ ऑक्टोबर २०२४

ताई,

दसऱ्याला दीक्षाभूमीवरून तुम्ही माझ्याकडे जेवायला येता. येणार नाही हे माहीत होतं. तरी सकाळी कुकर लावताना हातानं आपोआप तिघांचे तांदूळ घेतले. दोन दिवस फोडणीचा भात खाल्ला.

मंगळवारी मी तुझ्या शाळेत आले होते. तुला कोणी सांगितलं असेल किंवा नसेल.

निघाले तेव्हा तुला भेटायचं असंच मनात होतं. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. एमआयडीसी मागं पडल्यावर उतरून ऑटो केला. मैदानात पोचले तर तुझा तास सुरू होता. व्हरांड्यात, उघड्या दारासमोरच्या मोठ्या खांबाआड उभी राहिले.

तू वर्गाच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला होतास. एका मुलीच्या हातात टॉर्च, एका मुलाच्या हातात चौकटी आखलेली पाटी. पाटी सरळ धरली की उजेडाचा लहान, लख्ख गोल पडे. तिरपी केली की तोच उजेड पसरट आणि फिका. तू त्यांना खडूनं दोन्हींच्या कडा आखायला लावल्यास आणि घरं मोजायला लावलीस. टॉर्च तेवढीच, अंतर तेवढंच, मग इथं उजेड कमी का? हा प्रयोग माझ्या आराखड्यात तिसऱ्या सत्रात आहे. तुला मी शिकवलेला नाही. तू तो स्वतः काढलास.

मग तू म्हणालीस, "जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. आणि जानेवारीत आपण काय घालून बसतो?"

"स्वेटर!"

एक पोरगा उठला. किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. "पण मॅडम, मागच्या वर्षी त तुमीच सांगितलं होतं का उन्हाळ्यात जवळ येते म्हून."

तू म्हणालीस, "हो. सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं होतं. तुले सांगितलं, तुह्या मोठ्या भावाले सांगितलं, पंचवीस वर्षं जो भेटला त्याले सांगितलं."

मुलं हसली. तूही हसलीस, अगदी पोटातून. मग म्हणालीस, "मागची वही काढा. ते खोडू नका. त्याच्या बाजूनं आजचं लिहा. आपण आधी काय समजत होतो तेही दिसलं पाहिजे."

मी पंधरा वर्षं शिकवते आहे. एवढं सहज मला कधी जमलं नाही. माझ्याकडून चूक झाली की मी फळा पुसते.

शिपायानं मला पाहिलं. "कोण पाहिजे तुमाले? सिंधूताई मॅडमच्या कोण तुमी?"

मी म्हणाले, "विद्यापीठातून आले होते. पुन्हा येईन."

परतीच्या बसमध्ये बसल्यावर कळलं की कोणी विचारलं तरी मी हेच उत्तर देते. इथं तर लपवायचं काही कारणही नव्हतं.

रोशनी


२८ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझा अर्ज मिळाला. "मा. समन्वयक, महोदया," अशी सुरुवात. प्रवेश रद्द करून उन्हाळी सत्राची क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठाकडे वर्ग करण्याबाबत. तू शिकणं सोडलं नाहीस, फक्त माझ्याकडे शिकणं सोडलंस, हे वाचून आनंद झाला. तो सांगायला कोणी नव्हतं.

गेल्या रविवारी मी वर्गाला सांगितलं. अकराव्या प्रश्नाला सतरा जण चुकले होते, मी एकच उत्तर निवडलं, ते कोणाचं आहे हे मला माहीत होतं आणि मुद्दाम निवडलं. कामठीच्या पंचफुला मॅडम उभ्या राहिल्या. तुझ्या शेजारी बसायच्या त्या. म्हणाल्या, "मॅडम, माहंही तेच उत्तर होतं. अन मी हासली. घरी गेल्यावर जेवण नाही गेलं मले. म्या त्यायले मागच्या महिन्यात फोन केला होता." मी विचारलं, "काय म्हणाल्या?" "म्हणाल्या, मुलांच्या परीक्षा आहेत, मंग बोलू."

काल मंडळाची बैठक झाली. तुझा अर्ज नवव्या क्रमांकावर होता. विभागप्रमुख मनोहरराव सर भराभर वाचत होते. "प्रवेश रद्द, क्रेडिट वर्ग. कारण, घरगुती. मंजूर?" सगळ्यांनी माना हलवल्या. सर दहाव्याकडे वळले.

मी म्हणाले, "सर, एक मिनिट. ते कारण..."

"काय झालं? घरगुती लिहिलं आहे ना?"

"ते घर माझंच आहे सर. त्या माझ्या सख्ख्या मोठ्या बहीण आहेत. त्यांनी सोडलं ते माझ्यामुळे."

सगळं सांगितलं. उत्तरपत्रिकेचं सांगितलं, दोन वह्यांचं सांगितलं, सर्वेक्षण कसलं होतं ते सांगितलं. सरांनी चष्मा काढून ठेवला. "मॅडम, सख्खी बहीण प्रवेश परीक्षेला बसते, तुम्ही समन्वयक, अन हे आम्हाले आता सांगून राहिल्या? काहून लपवलं?"

पक्षपात म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जानेवारीपासून समन्वयक दुसरे असतील. तुझी पूर्वचाचणी आणि पेपर बाहेरच्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेणार आहेत. त्यात तुझं काही कमी होणार नाही, मला खात्री आहे, पण माझ्यामुळे तुला हेही सोसावं लागतंय. मला वर्ग घेऊ देणार आहेत. आराखड्याच्या पहिल्या पानावर तुझं नाव टाकावं असं मी लेखी दिलं. सर म्हणाले, त्यांची परवानगी लागेल. तो कागद सोबत आहे. सही करायची की फाडून टाकायचा, तू बघ. परत पाठव असं म्हणत नाही.

ताई, कारणाच्या त्या रकान्यात तुला खरं लिहिता आलं असतं. समन्वयकानं वर्गात अपमान केला, एवढी एक ओळ. चौकशी झाली असती आणि तुझंच बरोबर ठरलं असतं. शिरोरेघ ओढून, तिला अक्षरं टांगून तू लिहिलंस, घरगुती. मला वाचवायला लिहिलंस, की तुझ्या लेखी ते खरोखर घरातलंच होतं? सकाळपासून तुझा अर्ज समोर घेऊन बसले आहे, ठरवता येत नाही.

डिसेंबरात तुझा नवा वर्ग सुरू होईल. तिथं ओळख करून देताना कोणी विचारेल, घरी आणखी कोणी शिकवतं का. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी इथं सांगून टाकलं आहे.

तुझी,
रोशे